संयोजकहो, एक सत्र रानाला आणि तलवारीला द्या

सीमाभागातल्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांच्या सर्व संयोजक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, शिवाय खानापूर तालुक्यातली मंडळी. पूर्ण यादी करायला बसलो तर कोणाचं तरी गाव राहणार आणि त्यांच्या मांडवात मला चहा मिळणार नाही, म्हणून इथंच थांबतो. सुगी आटोपली की आपल्याकडे संमेलनांचा हंगाम लागतो. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, परिसंवाद, दुपारचं जेवण, कथाकथन, आणि ऊन उतरताना कविसंमेलन. गावानं वर्गणी काढून हे उभं करायचं आणि वर्षानुवर्षं चालवायचं, याला किती चिकाटी लागते ते मी जवळून बघतोय. पुढं थोडी कुरकुर येणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवलं.

मी बेळगावच्या शहापुरात बाइंडिंगचा धंदा करतो. पावतीपुस्तकं, सोसायट्यांची लेजरं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट यांवर पोट चालतं. मधूनमधून आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांची पोती दुकानात येऊन पडतात. उसवलेली, पुठ्ठा सुटलेली, वाळवीनं चाळण केलेली पुस्तकं. ती बांधायची आणि बांधता बांधता वाचायची, हा माझा शिरस्ता. गिऱ्हाइकाला पुस्तक उशिरा मिळतं त्याचं खरं कारण हेच असतं, पण मी पावसाचं नाव सांगतो.

मागणी सरळ आहे. कार्यक्रमपत्रिकेत पाऊण तासाचं एक सत्र असं ठेवा की ज्यात कोणीही भाषण करणार नाही. एक जण निसर्गावरचा एक ललितलेख मोठ्यानं वाचेल. दुसरं कोणीतरी जुन्या तलवारबाजीच्या साहसी कादंबरीतलं एक प्रकरण वाचेल. त्यावर चर्चा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, ‘यातून आपण काय घेतलं’ तर मुळीच नाही. लोकांनी ऐकायचं आणि जेवायला जायचं.

हीच दोन का, ते जरा सविस्तर सांगतो.

पुस्तक किती वाचलं गेलं हे वाचनालयाच्या रजिस्टरपेक्षा बाइंडरला जास्त कळतं. रजिस्टरात नेल्याची नोंद असते, वाचल्याची नसते. पुठ्ठा उचकटून जुनी खळ खरवडली, शिलाईचा दोरा कापला आणि फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करून मांडले की पुस्तक स्वतःच बोलायला लागतं. साहसी कादंबरीचा शेवटचा फर्मा बहुतेक वेळा लोंबत असतो नाहीतर गायब असतो, कारण शेवटाकडं पोचेपर्यंत पानं उलटायची म्हणजे ओढायची झालेली असतात. कडेला हळदीची बोटं आणि तेलाचे डाग, म्हणजे पुस्तक ताटाशेजारी उघडं होतं. खालचा कोपरा थुंकी लावून लावून काळा पडलेला. समासात पेन्सिलीनं ‘हा मरत नाही’ असं लिहून पुढच्या वाचकाचा विरस करणारा एक दुष्ट माणूस प्रत्येक गावात असतोच.

निसर्गावरच्या लेखांचं पुस्तक निराळ्या तऱ्हेनं जुनं होतं. ते फाटत नाही, फुगतं. उघडावं तर आतून वस्तू पडतात. नेच्याचं वाळलेलं पान, सुगरणीच्या खोप्याची काडी, सावरीच्या कापसाचा पुंजका, बसचं तिकीट. एकदा अशाच एका पुस्तकात पक्ष्यांच्या नावांखाली बारीक रेघा मारलेल्या मिळाल्या. भारद्वाजापुढं कोणीतरी लिहिलं होतं, ‘म्हणजे आमचा कुकुडकोंबा. मळ्यात रोज येतो.’ ते पान मी पुसलं नाही. नवीन पुठ्ठा चढवताना कटिंगमध्ये समास कापला जाऊ नये म्हणून त्या बाजूला मशीन लावलंच नाही.

आणि तिसऱ्या जातीची पुस्तकं म्हणजे गौरवग्रंथ, स्मरणिका, सत्कारात मिळालेले जाडजूड संग्रह. ती माझ्याकडं वाळवीमार्फत येतात. माणसाचा हात लागलेला दिसत नाही. राग नको, पण यांतलं बरंचसं आपल्याच मांडवांतून वाटलेलं असतं.

एका गावच्या वाचनालयानं, गावाचं नाव घेत नाही, कपाटं आवरताना असल्या ‘हलक्या’ कादंबऱ्या रद्दीत काढल्या आणि दर्जेदार तेवढं ठेवलं. आता तिथं सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी येतात. पोरांचं येणं बंद झालं, आणि त्याचा दोष मोबाइलवर टाकून कमिटी मोकळी झाली.

आता तलवारीकडं वळतो. अलेक्झांद्र द्यूमाची ‘थ्री मस्केटियर्स’ घ्या. 1844 सालच्या मार्चपासून जुलैपर्यंत पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ती रोजच्या हप्त्यांनी छापून येत होती, त्यामुळं प्रकरण संपतं तेच मुळी अशा जागी की माणसाला झोप लागू नये. मी तिचं मराठी संक्षिप्त रूप आधी वाचलं, मोठी इंग्रजी प्रत नंतर हाताला लागली. सुरुवात बघा. दार्तान्यां नावाचं एक खेडवळ पोरगं, देशाच्या पार दक्षिण टोकाच्या, स्पेनच्या सरहद्दीकडल्या गॅस्कनी मुलखातलं. बोलण्याला तिकडचा हेल. बापानं दिलेला एक म्हातारा पिवळा घोडा, शेपटीला केस नाहीत. थोडे पैसे, एक शिफारसपत्र. हा राजधानीला निघालाय. वाटेतल्या एका गावी एक प्रतिष्ठित गृहस्थ घोड्याच्या रंगावरून हसतो. झालं, ह्यानं तलवार उपसली. मार खाल्ला, तलवार मोडली, पत्र चोरीला गेलं. घोडा कधी विकू नको असं बापानं बजावलेलं, आणि पॅरिसला पोचताच पोरानं तो तीन नाण्यांना फुंकून टाकला.

मंडळी, हे पोरगं आपल्या ओळखीचं नाही का? सरहद्दीवरचं गाव, बोलण्यात ‘वाचालोय’, ‘जेवालोय’, आणि पुण्याला शिकायला गेल्यावर हॉस्टेलात पहिल्याच रात्री कोणीतरी त्यावरून हसलेलं. इथल्या घरटी एकाला हे माहीत आहे. चारेकशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या पोराचं हसं होताना आपल्याला एकाच वेळी हसू येतं आणि कान गरम होतात, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला कसं कळणार? ही कादंबरी आपल्या भागात जास्त रंगायला हवी.

पुढचं तर बहारदार आहे. पॅरिसमधल्या पहिल्याच दिवशी घाईघाईत धावताना हा तीन वेगवेगळ्या शिलेदारांना भिडतो. एकाच्या जखमी खांद्यावर आदळतो. दुसऱ्याच्या झग्यात गुरफटतो, आणि त्या धडपडीत उघडं पडतं की या बड्या माणसाच्या खांद्यावरचा सोनेरी पट्टा नुसता पुढूनच सोनेरी आहे, पाठीमागं साधं कातडं. तिसऱ्यापुढं एक रुमाल उचलून देऊन नसती पंचाईत करतो. तिघंही द्वंद्वाचं आव्हान देतात. एकाची वेळ बाराची, दुसऱ्याची एकची, तिसऱ्याची दोनची. बाराला हा मैदानावर जातो तर पहिल्याचे साक्षीदार म्हणून आलेत तेच दुसरे दोघं. तो पट्टा लक्षात घ्या. पुढून जर, मागून चामडं. एवढ्या एका तपशिलात पोर्थोस नावाचा आख्खा माणूस उभा राहिला, आणि लेखकानं त्याच्या स्वभावावर एक ओळ खर्च केली नाही. आपल्या संमेलनांत ‘व्यक्तिचित्रण’ या विषयावर परिसंवाद होतात. त्यांत हे प्रकरण कोणी वाचून दाखवलं तर वक्त्यांना उरलेला वेळ सुट्टी देता येईल.

हा दार्तान्यां खरा होऊन गेला. मास्ट्रिख्टच्या वेढ्यात 1673 च्या जूनमध्ये तो पडला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इकडं कोंडाजी फर्जंदानं साठ गड्यांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा घेतला होता. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की मला नेहमी गंमत वाटते. कोणी म्हणेल, मग कोंडाजीवरचंच वाचा की, द्यूमा कशाला? जरूर वाचा. पण खरं बोलायचं तर आपल्या वीरांवरच्या कादंबऱ्या आपण हात जोडून वाचतो. त्यांना धडपडताना, लाजताना, घोडा विकून खाताना बघायची आपल्याला सोय नाही. मिरवणुकीत बघितलेला माणूस पुस्तकात आला तरी मिरवणुकीतलाच राहतो. साहसी कादंबरीतला गडी मात्र वाचणाऱ्याच्या शेजारी बसतो, त्याच्या ताटातलं खातो. पोरगं वाचायला लागतं ते अशा सोबतीनं. पुढं कोवाडच्या रणजित देसायांची ‘श्रीमान योगी’ हातात घेण्याइतका दम त्याला इथूनच येतो.

मराठीतही ही तलवार गंजलेली नव्हती. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ आठवा. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं नाव, जन्म 1882 चा. शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं भुयारं, तट, घोडदौडी, रात्रीचे हल्ले लिहावेत आणि ते पिढ्यांनी फाटेस्तोवर वाचावेत! ‘वीरधवल’ची जुनी प्रत बांधायला आली की मी जुजबंदी शिलाईच घालतो, म्हणजे एकेका फर्म्यातून दोरा ओवून शिवतो, साधी टोचणी चालत नाही. तिला पुढं काय सोसायचं आहे ते मला माहीत असतं.

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’चं एवढंच सांगतो की ती पावसानं जन्माला घातली. 1881 चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार गाव, बाहेर पाऊस हटत नाही, घरात सावत्र मुलगा कंटाळलेला. दोघांच्या चित्रकलेत एका बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशावरून गोष्ट सुचत गेली. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांना पावसानं कोंडून घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नकाशा काढायला कागद तेवढा द्यायचा.

आता रान. इथं मात्र मला थोडा वेळ द्या, कारण या पुस्तकांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय की ती शांत, संथ आणि म्हणून कंटाळवाणी असतात, निवृत्त माणसांनी दुपारी वाचायची.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 सालचं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. बाई राहायच्या मुंबईत, जंगलात नव्हे. खिडकीतून, रस्त्यावरून, समुद्रकाठावरून दिसणारी झाडं आणि आभाळ एवढंच भांडवल. हे पुस्तक वाचायची माझी रीत सांगतो. एका बैठकीत संपवायचं नाही. महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचायचा आणि मग रविवारी सायकल काढायची. चैत्राचा लेख वाचून जांबोटीच्या रस्त्याला लागा. दुरून एखादं झाड लालभडक दिसतं, वाटतं फुललंय. जवळ जाऊन फांदी वाकवा. फूल नसतं. ती कुसुंबाची कोवळी पानं असतात, तांबडी, मऊ, पातळ, उन्हाकडं धरली तर शिरा दिसाव्यात अशी. आठवडाभरात ती हिरवी होऊन जातात आणि झाड पुन्हा गर्दीत मिसळून जातं. त्या रस्त्यानं मी लहानपणापासून जातोय. फांदी वाकवून बघायची बुद्धी पुस्तकानं दिली.

मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी, विदर्भाच्या जंगलांत राहून त्यांनी तिथल्या लोकांकडून ऐकलेलं आणि स्वतः पाहिलेलं लिहिलं. त्यांच्या लेखात पाखरू नुसतं दिसत नाही, त्याच्यामागं ते ज्यानं दाखवलं तो माणूसही येतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ तर ज्यांना तलवारबाजी आवडते त्यांनीच आधी वाचावं. वानरांच्या टोळ्या, टोळीचा मुखिया, बाहेरून येऊन गादी हिसकावणारे नर, मारामाऱ्या, दगाफटका. सगळं निरीक्षणावर उभं केलेलं आणि तरी दरबारी कारस्थानाची कादंबरी वाचतोय असं वाटावं. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

आणि हे बाजूचं, कोपऱ्यातलं लेखन आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: दुर्गाबाई 1975 ला कराडच्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, माडगूळकर 1983 ला अंबाजोगाईला, चितमपल्ली 2006 ला सोलापूरला. झाडापाखरांवर लिहिणाऱ्यांना मराठीनं मानाच्या खुर्चीत बसवलंय. गावच्या मांडवात मात्र त्यांचं एक पान वाचून दाखवलेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

सगळ्यांत जास्त रुखरुख काका कालेलकरांची वाटते. काकांचं लहानपण साताऱ्यात, कारवारात आणि आपल्याकडं गेलं. बेळगुंदीशी घराचा संबंध. पुढं हा माणूस गांधीजींच्या सोबत गेला, गुजरातीत मोठा लेखक झाला, हिमालय पायी फिरला, देशातल्या नद्यांवर त्यानं लेखच्या लेख लिहिले. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा सगळ्या त्यात आल्या. आणि या महानद्यांच्या रांगेत, ‘जीवनलीला’ या त्यांच्या पुस्तकात, एक लेख आहे आपल्या मार्कंडेयवर. वैजनाथाच्या डोंगराकडून येणारी ही एवढीशी नदी. बाकीच्या नद्या त्यांना माता वाटतात, ही बालपणची सखी. तिच्या काठच्या शेतावर, आंब्याखाली बसून तिच्याकडं बघत राहिलेल्या मुलाचा तो लेख आहे.

मार्कंडेय बेळगुंदीवरून येते, उचगावच्या शिवारातून, कंग्राळी, अलतगा, कडोली, काकती करत पुढं गोकाककडं जाऊन घटप्रभेला मिळते. राकसकोपला तिचं पाणी अडवलंय, तेच बेळगाव शहर पितं. यांतल्या तीन गावांत तर आपली संमेलनं भरतात! मांडवापासून चालत जाण्याच्या अंतरावर नदी, नदीवर एवढ्या मोठ्या लेखकाचा लेख, आणि आपण व्यासपीठावरून ‘ग्रामीण साहित्यापुढील आव्हानं’ ऐकतोय. पावसाळ्यात पूर आला की पेपरात मार्कंडेयचं नाव येतं, उरलेलं वर्ष पुलावरून जाताना आपण खाली बघतसुद्धा नाही. तो लेख जिथं भर दुपारी मोठ्यानं वाचला जाईल तिथल्या श्रोत्यांपैकी निम्मे लोक परत जाताना पुलावर गाडी थांबवतील, पैज लावायला तयार आहे.

तसंच भीमगडचं. 2011 साली ते अभयारण्य झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. तिथं तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. त्यांत राहणारं एक वटवाघूळ, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला, 1913 मध्ये जगापुढं आलं आणि पुढं कित्येक दशकं जगाच्या पाठीवर त्याचं माहीत असलेलं घर हे एकच होतं. अलीकडं ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. खानापूरच्या मंडळींनो, अंधारी गुहा, घनदाट रान, जगात दुसरीकडं क्वचितच सापडणारं जनावर: साहसी कादंबरीचं सगळं सामान तुमच्या उंबऱ्याशी पडलंय. त्यावर एक चांगला मराठी ललितलेख मला वाचायचा आहे. शास्त्रज्ञाची वाट बघू नका. गुरं घेऊन त्या रानात फिरलेल्या माणसाला बोलतं करा आणि एखाद्या कॉलेजच्या पोरीला ते लिहून घ्यायला बसवा.

ही दोन प्रकारची पुस्तकं मी एकत्र का बांधतोय? माझ्यापुरतं उत्तर असं. द्यूमा वाचताना मी पानापुढं पळतो. दुर्गाबाई वाचताना एकाच ओळीवर थांबून खिडकीबाहेर बघतो. नुसतं पळणारं पोरगं थोड्या वर्षांत पुस्तक सोडून पडद्याकडं जातं, कारण पळण्यात पडदा पुस्तकाला हरवतो. नुसतं थांबायला सांगितलेलं पोरगं मुळात पुस्तकाजवळ येतच नाही. दोन्हींची चटक आलटून पालटून लागली तर ते वाचक म्हणून टिकतं. माझ्या दुकानात शिकायला आलेल्या पोरांवर मी हा प्रयोग केलाय. सगळ्यांवर चालला असं नाही. एक जण आता भंगाराचा धंदा करतो आणि मला भेटला की पुस्तकाऐवजी रद्दीचा भाव विचारतो.

आणि एक गोष्ट आपल्यालाच शक्य आहे. आपली पोरं शाळेत कन्नड शिकतात. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ त्यांना मुळातून वाचता येईल. पश्चिम घाटातल्या रानात उडणाऱ्या सरड्याचा शोध घ्यायला निघालेली एक विचित्र टोळी, तिच्यात शास्त्रज्ञही आहे आणि गावातला उडाणटप्पू मंदण्णाही. निसर्ग आणि साहस एकाच पुस्तकात, आणि विनोदानं ठासून भरलेलं. सीमाप्रश्नाची सल मला ठाऊक आहे. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आपल्या प्रत्येक मांडवात तो प्रश्न असतो आणि असावा. पण पुस्तक हातात घेताना पोरानं आधी सही करावी अशी अट नको. उलट बाजूनंही एकसंब्यात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींनी काय केलं ते बघा. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या, घनदाट जंगलात वस्ती करणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. पहिलीचं नावच ‘रान’. ती शोधून वाचा. अमेरिकेतलं रान असलं तरी भाषा इतकी आपली की झाडांचा काळोख अंगावर येतो.

तुमच्यापैकी काहींनी तोंडी दिलेली उत्तरं मला ठाऊक आहेत. ‘ही पोरासोरांची पुस्तकं ओ.’ होय की. पोरासोरांसाठीच मागतोय. मांडवात पहिल्या दोन रांगांत शाळेचा गणवेश घालून बसवलेली पोरं अध्यक्षीय भाषणात एकमेकांच्या वहीत फुल्ली-गोळा खेळतात, ते व्यासपीठावरून दिसत नसेल तर मागं येऊन उभे राहा. ‘परकी पुस्तकं कशाला?’ मराठीत वाचली तर परकी राहत नाहीत. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्यानंतर त्याला कोणी परका म्हटल्याचं ऐकिवात नाही. ‘वेळ नाही.’ सत्काराच्या शाली कमी करा.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो एका बाईंनी घेतला होता. या जुन्या साहसकथांतल्या बायका एकतर पळवून नेण्यासाठी असतात नाहीतर विष घालण्यासाठी. बरोबर आहे. त्यावर माझ्याकडं उपाय नाही, एवढंच सुचतं की प्रकरण वाचायला मुलीला उभं करा. द्वंद्वाचं आव्हान देणारा आवाज तिचा असू दे, कसा लागतो बघू.

वाचणारा निवडताना प्राध्यापक टाळा. ते मधे थांबून समजावून सांगतात. बस कंडक्टर चालेल, हरदास चालेल, भजनातला आवाजी माणूस चालेल, दहावीतली धीट मुलगी सगळ्यांत उत्तम. महिनाभर आधी पान हातात द्या म्हणजे त्याला अडखळायला होणार नाही. माइकवाल्याला सांगून ठेवा की मधे ‘हॅलो, हॅलो’ करायचं नाही. ग्रंथविक्रीच्या टेबलावर ही पुस्तकं पुढच्या बाजूला, पोराच्या हाताला येतील अशी मांडा. कवितासंग्रह मागं गेले तर कवी रुसतील, पण ते कविसंमेलनाला येतातच. बेळगुंदी, उचगाव आणि कडोलीकरांनी मार्कंडेयचा लेख घ्यावा, येळ्ळूरकरांनी राजहंसगडाकडं तोंड करून तलवारीचं प्रकरण, हे माझं सुचवणं. बदलायला हरकत नाही.

तुमच्या गावच्या वाचनालयात अशा फाटक्या कादंबऱ्या किंवा सुटलेली निसर्गाची पुस्तकं पडून असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका, माझ्याकडं घेऊन या. ज्या गावानं हे सत्र ठेवलं त्या गावाची मजुरी मी घेणार नाही. पुठ्ठा, कापड आणि दोऱ्याचे पैसे द्यावे लागतील, तेवढं माझ्यानं होत नाही. खळीत मोरचूद घालतो, त्यामुळं वाळवीची काळजी नको. शेवटचा फर्मा गायब असेल तर दुसऱ्या गावची प्रत मिळवून झेरॉक्स जोडून देतो, त्यासाठी गावागावांतल्या ग्रंथपालांनी एकमेकांशी बोलावं लागेल. पुस्तकं दसऱ्यानंतर आणा. त्याआधी हवेत ओल असते, पुठ्ठा वाकडा होतो. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणून ‘परवा संमेलन आहे’ म्हणू नका, तेव्हा मी सगळ्या गावांच्या पावतीपुस्तकांत बुडालेला असतो.

आपला,
शहापूरचा एक बाइंडर
बेळगाव